तहकुबी नाकारली, आता हायकोर्ट? कोल्हापूर सर्किट बेंचच्या दारातल्या उपायाचं परीक्षण

साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, सरतपास, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न, संपलाय, बचावाच्या वकिलांनी मुदतीचा, म्हणजे तहकुबीचा, अर्ज दिलाय आणि त्या अर्जाखाली आदेश पडतो: "नामंजूर." पाठोपाठ साक्षीच्या खाली "नो क्रॉस," म्हणजे उलटतपास नाही. अशा वेळी अशिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, वर जायचं का? ऑगस्ट २०२५ पर्यंत कोल्हापुरात याचं उत्तर महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या तिकिटापासून सुरू व्हायचं. १७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, १८ तारखेपासून कामकाज सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या आवारात आली. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातून तिथं आता रिक्षानं जाता येतं.

अंतर कमी झालं म्हणून उपाय बदललेला नाही. परीक्षण त्या उपायाचंच करायचं आहे: खटल्याच्या न्यायालयानं तहकुबी नाकारली तर उच्च न्यायालयात जाऊन नेमकं काय मिळतं, काय मिळत नाही, आणि पैसे व दिवस कुठं वाया जातात. मत आधीच सांगतो. फार थोड्या प्रकरणांत हा उपाय लागू पडतो. जिथं पडतो तिथं याचिकेपेक्षा खालच्या कोर्टात दिलेला एक पानी मुदत अर्ज जास्त काम करून गेलेला असतो.

आधी खालचं कोर्ट नाही का म्हणतं ते बघू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३०९. साक्षीदार हजर असतील तर खटला रोजच्या रोज चालवायचा, हा मूळ नियम. तहकुबी हा अपवाद, आणि त्याची कारणं लेखी नोंदवायची. पक्षकाराच्या हाताबाहेरची परिस्थिती असेल तरच त्याच्या विनंतीवरून तारीख द्यायची. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत हे कारण चालणार नाही, असं कलमातच लिहिलंय. तरीही रोज किती अर्जांत तेच एक वाक्य असतं, हे बार रूममध्ये बसणाऱ्या कुणालाही विचारा. साक्षीदार हजर आहे आणि वकील हजर नाहीत किंवा तयार नाहीत, तर कोर्ट सरतपास नोंदवून उलटतपास वगळू शकतं. "नो क्रॉस"चा कायदेशीर आधार हाच.

नव्या संहितेनं एक पाचर जास्त मारली आहे. परिस्थिती हाताबाहेरची असली तरी, समोरच्या पक्षाची हरकत ऐकून आणि कारणं नोंदवून, दोनपेक्षा जास्त तहकुब्या देता येत नाहीत. जुन्या कायद्यात हा आकडा नव्हता. म्हणून पहिलं काम म्हणजे खटल्याची तारीख बघणं. १ जुलै २०२४ ला जो खटला प्रलंबित होता तो कलम ५३१ प्रमाणे जुन्याच संहितेनं चालतो आणि तिथं दोनचा आकडा लागत नाही. खालच्या आदेशात तो चुकून लावला गेला असेल तर याचिकेतला तोच पहिला मुद्दा. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपपत्रापासून दोन महिन्यांचं बंधन आहे, आणि पोक्सोत, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, मुलाची साक्ष न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवायची असते. अशा खटल्यात तहकुबी मागणाऱ्याची वाट जास्त चढाची असते, हे अशिलाला आधीच सांगितलेलं बरं.

आता वरची दारं. पुनरीक्षण अर्ज, म्हणजे रिव्हिजन, हे दार बंदच समजा. कलम ४३८ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे अंतरिम आदेशावर रिव्हिजन चालत नाही, आणि तहकुबी नाकारणं हा अंतरिम आदेशाचा अगदी ठळक नमुना. तरीही सत्र न्यायालयात रिव्हिजन टाकून पंधरा दिवस घालवणारे भेटतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची रिट हेही नीटसं दार नाही. न्यायालयाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध सर्शिओरारी, म्हणजे आदेश रद्द करणारी रिट, मिळत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयानं मिरजकर प्रकरणात १९६६ साली घेतली, आणि दिवाणी न्यायालयांच्या आदेशांपुरती २०१५ मध्ये पुन्हा पक्की केली. उरतं अनुच्छेद २२७, म्हणजे देखरेखीचा अधिकार, आणि जोडीला संहितेचं कलम ५२८, जुनं ४८२, म्हणजे अंगभूत अधिकार. रिव्हिजनची बंदी अंगभूत अधिकाराला पूर्णपणे बांधत नाही, हे १९७७ च्या मधू लिमये निकालानं स्पष्ट केलंय. म्हणून याचिकेच्या मथळ्यात २२७ आणि ५२८ दोन्ही लिहायची रीत आहे, आणि ती योग्य आहे.

देखरेख म्हणजे अपील नव्हे. न्यायाधीशांनी तारीख द्यायला हरकत नव्हती, एवढ्यावर उच्च न्यायालय हात घालत नाही. अधिकार वापरलाच नाही, कायद्याचा नियमच चुकीचा लावला, महत्त्वाची वस्तुस्थिती पाहिलीच नाही किंवा आदेशामुळं आरोपीला आपली बाजू मांडायची संधीच उरली नाही, असं काही दाखवावं लागतं. इंग्लंडमध्येही चित्र फार वेगळं नाही. तिथं मॅजिस्ट्रेटच्या कोर्टानं तहकुबी नाकारली तर न्यायिक पुनर्विलोकनासाठी हायकोर्टात जाता येतं, पण क्राऊन कोर्टातल्या ज्युरीपुढच्या खटल्याबाबत १९८१ च्या सीनियर कोर्ट्स कायद्याच्या कलम २९(३) नं ते दार बंद केलंय. आपल्याकडं सत्र खटल्यातला आदेशही २२७ खाली नेता येतो. एवढ्यापुरती आपली सोय मोठी.

कुठल्या कारणांना वर वजन येतं? सगळ्यात भक्कम कारण: आरोपीला वकीलच नव्हता, किंवा नेमलेल्या वकिलाला तयारीला वेळच दिला नाही. खांडव्याच्या एका खटल्यात १९ फेब्रुवारी २०१३ ला वकील नेमला, त्याच दिवशी दोषारोप ठेवला आणि ४ मार्चला दोषी ठरवून निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०१९ रोजी तो रद्द करून खटला नव्यानं चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशीपर्यंत जाणाऱ्या खटल्यात विधी सेवेमार्फत नेमायचा वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला असावा आणि तयारीसाठी साधारण सात दिवस तरी मिळावेत, असं त्या निकालात आहे. कळंबा कारागृहातल्या आरोपीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं वकील दिला आणि दुसऱ्याच दिवशी उलटतपास लागला, तर अर्जात हा निकाल आणि सात दिवस हे दोन शब्द आलेच पाहिजेत.

दुसरं भक्कम कारण कागदांचं. कलम २३० प्रमाणे आरोपपत्राच्या नकला आरोपीच्या हजेरीपासून चौदा दिवसांत द्यायच्या असतात. सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह किंवा मोबाइलमधल्या फायली मिळालेल्या नसताना त्याच पुराव्याच्या साक्षीदाराचा उलटतपास घ्या म्हणणं हा खरा अन्याय आहे. मेमरी कार्डमधला मजकूर हा दस्तऐवज आहे आणि आरोपीला त्याची क्लोन प्रत मिळायला हवी, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर प्रतीऐवजी पाहणी. मात्र नकला मिळाल्या नाहीत हे पहिल्यांदा साक्षीच्या दिवशी आठवलं तर मुद्दा निम्मा पडतो. आधी दोन अर्ज दिलेले असतील तर उभा राहतो.

तिसरं कारण आजारपण. इथं बहुतेकांची गाडी प्रमाणपत्रावरच घसरते. "विश्रांतीचा सल्ला" एवढंच लिहिलेलं, तारीख मागची-पुढची, शिक्का अस्पष्ट. दवाखान्यात दाखल केल्याचा कागद, तारीख, आणि त्या दिवशी ज्युनिअरला उलटतपास का घेता येणार नाही याचं एक वाक्य, एवढं तरी हवं. वकील बदलला म्हणून वेळ हवा, हे कारण सगळ्यात कमजोर.

अर्जाकडं आता जरा बारकाईनं बघू, कारण सगळी कमाई तिथंच होते. तोंडी विनंतीला अर्थ नाही. ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, येईल किंवा येणार नाही. अर्ज लेखी, त्यावर निशाणी क्रमांक (कोर्टाच्या फाइलमधला क्रमांक) पडलेला, आणि सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, घेतलेला. अर्जात पाच गोष्टी: कारण आणि त्याचा कागद, आधी आपल्या बाजूनं किती तारखा घेतल्या त्याचा प्रामाणिक आकडा, उलटतपासाला लागणारा अंदाजे वेळ, पुढच्या आठवड्यातल्या दोन तारखा, ज्या दिवशी वकील नक्की हजर राहतील, आणि साक्षीदाराचा भत्ता व खर्च द्यायची तयारी. कलम ३४६ च्या स्पष्टीकरणातच खर्चाच्या अटीवर तहकुबी देता येते असं आहे, म्हणून ही तयारी आपण होऊन लिहावी. "न्यायहितार्थ मुदत मिळावी" या तीन शब्दांवर उभा राहिलेला अर्ज नामंजूर झाला तर वर जाऊन सांगायला काही उरत नाही. कोर्टानं काय पाहिलं नाही हे दाखवायचं, आणि दाखवलेलं तर काहीच नव्हतं.

अर्ज नामंजूर झालाच तर त्याच क्षणी दुसरा छोटा अर्ज: उच्च न्यायालयात दाद मागायची आहे, चार दिवस द्या. द्यायलाच हवेत असं कोर्टावर बंधन नाही, पण कागदावर येतं. आणि तोही नाकारला तर हजर असलेल्या वकिलांनी जमेल तेवढा उलटतपास सुरू करावा की नाही, हा नाजूक निर्णय आहे. आमचं मत: हातात कागद असतील तर सुरू करावा. बहिष्कारासारखं गप्प बसणं वर कुणाला पटत नाही. कागदच नसतील, तर "अमुक कागदाअभावी उलटतपास घेता येत नाही" एवढं नोंदवून घ्यावं.

आता नकला. मुदत अर्ज, त्याखालचा आदेश, साक्ष, नो क्रॉसचा आदेश, आणि दोषारोपापासूनचा संपूर्ण रोजनामा, या सगळ्यांच्या प्रमाणित नकलांसाठी त्याच दिवशी नक्कल विभागात तातडीचा अर्ज द्यायचा. ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो, आदेश अपलोड झाला असेल तर पीडीएफही मिळते. मोफत, घरबसल्या, आणि तारखा सांभाळायला उत्तम. पण त्या दिवशी कोण गैरहजर होतं, कुणाच्या विनंतीवरून तारीख पडली, हा तपशील तिथल्या एकोळी नोंदीत शोधू नका. तो रोजनाम्यात असतो. आणि वेबवरची प्रत ही प्रमाणित नक्कल नव्हे. रोजनामा न जोडलेली याचिका पाहिली की पहिला प्रश्न तोच येतो: आधी किती तारखा घेतल्या? सरकारी वकिलांच्या हातात रोजनामा असतो, तुमच्या याचिकेत नसतो, आणि मग सहा वेळा घेतलेली मुदत समोरच्याच्या तोंडून बाहेर येते. त्यानंतर कितीही चांगला युक्तिवाद करा.

याचिकेत दोन्ही आदेशांना आव्हान द्यायचं, तहकुबी नाकारल्याच्या आणि नो क्रॉसच्याही. फक्त पहिल्याला दिलं तर दुसरा तसाच उभा राहतो आणि मिळालेला आदेश पोकळ ठरतो. ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. महाराष्ट्र शासन प्रतिवादी, खासगी फिर्याद असेल तर फिर्यादीही. पीडितेला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, पण लैंगिक गुन्ह्यात तिचं नाव याचिकेत किंवा जोडपत्रात कुठंही दिसता कामा नये. साक्षीच्या नकलेतलं नाव झाकायला विसरतात ते इथंच. २२७ खाली खालच्या न्यायाधीशांना पक्षकार करायची गरज नसते. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, म्हणून मराठी साक्ष आणि रोजनाम्याचं भाषांतर आधीच सुरू करा. चाळीस पानांची साक्ष असेल तर सगळा उशीर भाषांतरातच होतो.

मागण्यांत हात आखडता ठेवावा. संपूर्ण खटल्याला स्थगिती मागणं हा या प्रकारातला सर्वांत महागडा हव्यास. ज्यानं वेळ मिळाला नाही अशी तक्रार केली तोच खटला थांबवायला आलाय, असं चित्र उभं राहतं. त्यापेक्षा अमुक साक्षीदार क्रमांक तीनचा उलटतपास एका ठरलेल्या दिवशी घेऊ द्यावा आणि तोवर अंतिम युक्तिवाद व निकाल होऊ नये, एवढंच मागावं. बाकीचे साक्षीदार चालू राहू द्यावेत. स्थगिती मिळालीच तर ती सहा महिन्यांत आपोआप उठते हा २०१८ चा नियम आता नाही. २९ फेब्रुवारी २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानं तो गेला. खालच्या कोर्टात अजूनही कुणी तो सांगितला तर प्रत दाखवा.

सरकारी वकिलांच्या कार्यालयात याचिकेची प्रत आगाऊ द्यायची, प्रिसाइप, म्हणजे छोटा विनंती कागद, देऊन तातडीनं बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घ्यायची विनंती करायची, आणि तातडीचं कारण एका ओळीत: खालच्या कोर्टातली पुढची तारीख. नुसती याचिका दाखल झाली म्हणून खालचं काम थांबत नाही. निकाल लागून गेल्यावर याचिकेत जीव राहत नाही, मग बैल गेला आणि झोपा केला. तेव्हा हा मुद्दा अपिलात घ्यायचा. अपील न्यायालयाला फेरखटल्याचा आणि जादा पुरावा घेण्याचाही अधिकार आहे. मात्र शिक्षा लागलेली असते, हा फरक छोटा नाही.

या उपायाचा खरा स्पर्धक खालच्याच कोर्टात बसलेला आहे: कलम ३४८, जुनं ३११, साक्षीदाराला परत बोलावणं. खर्च कमी, भाषांतर नाही, आणि त्याच न्यायाधीशांना आपलाच आदेश न बदलता चूक दुरुस्त करायची वाट मिळते. बहुसंख्य नो क्रॉस प्रकरणांत आधी हाच अर्ज द्यावा असं आम्ही म्हणू. तो नाकारला गेला तर २२७ खाली जाताना बाजू जड होते, कारण पर्यायी मार्ग वापरून झालेला असतो. अर्जात उलटतपासाचे विषय मुद्देनिहाय लिहावेत: ओळख, वेळ, जप्ती, पूर्वीच्या जबाबातली विसंगती. प्रत्यक्ष प्रश्न उघड करू नयेत. नुसता वकील बदलला म्हणून साक्षीदार परत बोलावता येत नाही, हे दिल्लीतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. पोक्सोत मुलाला वारंवार कोर्टात बोलावू नये असं कलम ३३(५) म्हणतं, म्हणून तिथं हा मार्गही अरुंद.

न्यायालयांची चीड कुठून येते हेही समजून घ्यायला हवं. पंजाबातल्या एका लाच प्रकरणात सरतपासानंतर उलटतपास तब्बल वीस महिन्यांनी झाला आणि तोवर साक्षीदार फिरला. २०१५ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शक्यतो त्याच दिवशी उलटतपास घ्या असं बजावलं. तुमच्या याचिकेसमोर हा निकाल ठेवला जाणारच. उत्तर तयार हवं, आणि उत्तर म्हणजे तारखांचा तक्ता.

इचलकरंजीच्या चेक बाउन्सच्या केसेसचा प्रकार थोडा निराळा. तिथं अनेकदा फिर्यादीची मुदत नाकारली जाते आणि गैरहजेरीत आरोपी सुटतो. तो आदेश अंतरिम नाही, अंतिम आहे, म्हणून २२७ नको, अपील. नव्या संहितेच्या कलम २७९ मध्ये फिर्यादीला हजर राहायला तीस दिवसांची मुदत देण्याची तरतूद आलीय. ती दिली होती का हे आधी तपासा.

याचिका मंजूर झाली तर आदेश सहसा सशर्त येतो: एक तारीख, खर्चाची रक्कम, आणि पुन्हा मुदत नाही. आदेशाची प्रत खालच्या कोर्टात लगेच दाखल करा, खर्च त्या तारखेआधी भरून पावती जोडा, समन्स बजावलं गेलं का हे दोन दिवस आधी पोलीस ठाण्यात विचारा. आणि वकीलपत्रावर दुसऱ्या एका वकिलाचं नाव घालून त्यांना साक्षीची प्रत वाचायला द्या. त्या दिवशी मुख्य वकिलांना ताप आला, तर उलटतपास त्यांनीच घ्यायचा आहे.